लांब फोकस नको, पसरट उजेड हवा

बॅटरी विकत घेताना बहुतेक गिऱ्हाइके दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात : फोकस किती लांब जातो? दुकानदारही मग दारात येऊन समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर किंवा रस्त्यापलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर झोत मारून दाखवतो आणि सौदा ठरतो. खोक्यांवर ‘एक किलोमीटर’, ‘दोन किलोमीटर’ असे आकडे ठळक छापलेले असतात आणि जिचा आकडा मोठा ती बॅटरी चांगली, अशी सर्वांची समजूत झालेली आहे. रात्री कुत्र्याला घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसासाठी ही समजूत सरळसरळ चुकीची आहे आणि काही वेळा धोक्याची आहे. मग तो सोसायटीच्या मागच्या रस्त्याने लॅब्राडॉरला फिरवणारा पुण्यातला नोकरदार असो, किंवा रात्रपाळीची वीज आली म्हणून पाण्याची दारे धरायला राखणीच्या कुत्र्यासह शेतावर निघालेला शेतकरी असो. दोघांनाही दोनशे मीटरवरचे झाड पाहायचे नसते. पायापुढचे आठ-दहा मीटर आणि रस्त्याच्या दोन्ही कडा त्यांना नीट दिसायला हव्यात. त्यासाठी लागते ती रुंद झोताची, पसरट उजेडाची बॅटरी. ती बाजारात मिळते, पण आपण ती मागत नाही.

आधी साधी भूमिती पाहू. लांब फोकसच्या बॅटरीत उजेड एका निमुळत्या शंकूत कोंबलेला असतो. हा शंकू दहा अंशांचा धरला तर तीन मीटर पुढे जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाची रुंदी भरते जेमतेम अर्धा मीटर. साठ अंशांच्या झोताने त्याच अंतरावर सुमारे साडेतीन मीटर रुंदी उजळते आणि नव्वद अंशांच्या झोताने सहा मीटर. आता कुत्र्याचा पट्टा घ्या. नेहमीचा पट्टा दीड ते दोन मीटरचा असतो. म्हणजे कुत्रा आपल्या डावीकडे किंवा उजवीकडे दीड-दोन मीटरपर्यंत कुठेही असू शकतो, आणि कुत्रा कधीच नाकासमोर चालत नाही. तो कडेच्या गवतात शिरतो, गटाराच्या झाकणाशी थांबतो, कुंपणाच्या तळाशी हुंगतो. अर्ध्या मीटरच्या वर्तुळात त्याला आणि स्वतःच्या पावलांना एकाच वेळी ठेवणे अशक्य आहे. मग माणूस झोत सारखा हलवत राहतो, एकदा कुत्र्यावर, एकदा रस्त्यावर, आणि ज्या क्षणी झोत कुत्र्यावर असतो त्या क्षणी त्याचा पाय अंधारात पडतो. साधारण चालीने आपण सेकंदाला सव्वा मीटर जातो. तीन मीटरवरची वस्तू दिसली तर थांबायला सव्वादोन-अडीच सेकंद मिळतात, सहा मीटरवरची दिसली तर त्याच्या दुप्पट. पंधरा मीटरपलीकडचे दिसले काय आणि न दिसले काय, पावलाला त्याचा उपयोग नाही. चालण्यासाठी उजेड कुठे हवा, हे असे आपल्या चालीवरून आणि पट्ट्याच्या लांबीवरूनच ठरते.

मग खोक्यावरचे आकडे आपल्याला फसवतात ते कसे? उजेड मोजायची दोन परिमाणे आहेत आणि ती वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. कॅन्डेला म्हणजे एखाद्या दिशेने जाणाऱ्या उजेडाची तीव्रता. किती लांब जातो, हे फक्त कॅन्डेलावर ठरते. बॅटऱ्यांच्या मोजमापाची एएनएसआय एफएल-1 ही जी पद्धत चांगले उत्पादक पाळतात, तिच्यात झोताची लांबी म्हणजे जिथे उजेड पाव लक्स एवढा उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण निरभ्र आकाशातल्या पौर्णिमेचे चांदणे. या व्याख्येवरून आदर्श गणित करून पाहता येते. दोनशे लुमेनचा उजेड दहा अंशांच्या शंकूत कोंबला तर मध्यावर आठ हजारांहून अधिक कॅन्डेला तीव्रता येते आणि लांबी निघते सुमारे एकशे ऐंशी मीटर. तोच दोनशे लुमेनचा उजेड नव्वद अंशांत पसरवला तर तीव्रता उरते जवळपास एकशे दहा कॅन्डेला आणि लांबी फक्त एकवीस मीटर. दिवा तोच, सेल तोच, खर्च होणारी वीज तीच. खोक्यावर मात्र एकीवर 180 आणि दुसरीवर 21 छापले जाईल आणि गिऱ्हाईक दुसरी खाली ठेवेल. प्रत्यक्षात ती दुसरी बॅटरी तीन मीटरवर बारा लक्स उजेड देते आणि दहा मीटरवर एक लक्सहून थोडा जास्त, म्हणजे चांदण्याच्या चौपट. चालायला हा उजेड भरपूर झाला. पहिली बॅटरी तीन मीटरवर नऊशेहून अधिक लक्स ओतते. ऑफिसच्या टेबलावर वाचण्या-लिहिण्यासाठी तीनशे ते पाचशे लक्स पुरेसे मानतात, हे लक्षात घेतले म्हणजे रस्त्यावरच्या अर्ध्या मीटरच्या डागात नऊशे लक्स किती निरर्थक आहेत ते कळते. ‘एक किलोमीटर’च्या दाव्याला तर याच पद्धतीने अडीच लाख कॅन्डेला लागतात आणि ‘दोन किलोमीटर’ला दहा लाख. खिशात मावणाऱ्या स्वस्त बॅटरीवर असे आकडे दिसले तर ते खरे मानू नयेत.

निरर्थक म्हणून सोडून द्यावे, एवढ्यावर हे थांबत नाही. त्या प्रखर डागाने नुकसान होते. माणसाच्या डोळ्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात आणि भर उजेडात, रंग पाहण्यासाठी काम करणाऱ्या शंकुपेशी असतात. दंडपेशींना अंधाराशी पूर्ण जुळवून घ्यायला साधारण अर्धा तास लागतो, आणि प्रखर उजेडाकडे पाहिल्यावर त्यांच्यातले रंगद्रव्य काही क्षणांत निष्प्रभ होते. शिवाय दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच, त्या सभोवार असतात. अंधुक उजेडात आपल्याला कडेची हालचाल आधी जाणवते ती त्यामुळे. अरुंद झोत नेमका उलटा वार करतो. मध्यभागी इतका लखलखाट असतो की बाहुली आकसते, आणि बाहुली आकसली की झोताबाहेरचा अंधार आणखी गडद होतो. लांब फोकसच्या बॅटरीने आपल्याला जास्त दिसते असे वाटते, कारण जिथे दिसते तिथे फार ठळक दिसते. पण एकूण दिसणारा प्रदेश कमी झालेला असतो. पसरट आणि सौम्य उजेडात डाग नसतो, बाहुली उघडी राहते, आणि कडेला काही सरकले तर डोळा स्वतःहून तिकडे वळतो. कुत्र्याला या बॅटरीची गरज फारशी नाही, हेही इथे नोंदवायला हवे. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, दंडपेशी भरपूर असतात आणि त्याची नजर सुमारे दोनशे चाळीस अंशांत फिरते. बॅटरी माणसासाठी आहे, आणि म्हणून ती माणसाच्या डोळ्याला सोसेल अशीच हवी.

आपल्याकडे या निवडीला जे वजन येते ते सापांमुळे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज ‘मिलियन डेथ स्टडी’ या मोठ्या पाहणीतून 2020 मध्ये मांडला गेला. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले आणि बहुसंख्य ग्रामीण भागातले. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर सर्पदंशाविषयीही वर्षानुवर्षे लिहीत-सांगत आले आहेत. उपचारांचा प्रश्न मोठा आहेच, पण दंश टळला तर तो उभाच राहत नाही, आणि रात्रीच्या पायवाटेवर दंश टाळण्याचे पहिले साधन म्हणजे उजेड. चालणाऱ्या माणसाला दंश बहुतेक वेळा पावलाला, घोट्याला, पोटरीला होतो. म्हणजे धोका समोरच्या दोनशे मीटरवर नाही, गुडघ्याखाली आहे.

त्यातही आपल्या चार प्रमुख विषारी सापांपैकी घोणस आणि फुरसे यांचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. चाहूल लागताच बहुतेक साप निघून जातात. घोणस पुष्कळदा जागची हलत नाही, वेटोळे घालून पडून राहते आणि फार जवळ गेल्यावर जोरात फुत्कारते. कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडे, ज्याची धास्ती आहे ते फुरसे तर लहानसे, मातीच्या आणि जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारे. हे साप रस्त्याच्या मध्यापेक्षा कडेला असण्याची शक्यता जास्त : गवताची बाजू, बांध, पालापाचोळा, दगडांची रास. कुत्र्याला नेमके तिथेच जायचे असते, आणि तो तिथे सर्वात आधी नाक नेतो. कुत्र्यांना होणारे दंश बरेचदा तोंडावर आणि पुढच्या पायांवर असतात ते याच कारणाने. पट्टा ताणला गेला की मालकही दोन पावले कडेला ओढला जातो. म्हणजे कुत्र्याबरोबर चालणाऱ्याच्या वाट्याला एकट्याने चालणाऱ्यापेक्षा कड जास्त येते, आणि लांब फोकसची बॅटरी जी कधीच दाखवत नाही ती हीच कड. मला विचाराल तर या एका कारणासाठीच पसरट उजेड घ्यावा. बाकीची कारणे त्याला बळ देणारी आहेत.

उजेडाचा रंग हा त्यातलाच पुढचा भाग. घोणशीच्या अंगावर तपकिरी पार्श्वभूमीवर गडद लंबगोल ठिपक्यांच्या ओळी असतात. वाळक्या पानांत ती ओळखायची तर तपकिरी, पिवळा आणि तांबूस यांतला फरक डोळ्याला कळावा लागतो. स्वस्त बॅटऱ्यांचा निळसर पांढरा उजेड हा फरक पुसून टाकतो, सगळेच राखाडी दिसते. साधारण चार हजार केल्विनचा, किंचित पिवळसर उजेड आणि शक्य असेल तर रंग खरे दाखवणारा, म्हणजे नव्वदच्या आसपास ‘सीआरआय’ असलेला दिवा घ्यावा. त्याने लुमेन थोडे कमी होतात, होऊ द्यावेत. याचा आणखी एक रोजचा उपयोग आहे. कुत्र्याची विष्ठा उचलताना तिच्यात रक्ताचा अंश आहे का, हे निळसर उजेडात कळत नाही, आणि आजाराची पहिली खूण तिथेच दिसू शकते. दिवा कुठे धरावा, यालाही महत्त्व आहे. कपाळावरच्या दिव्याने हात मोकळे राहतात हे खरे, पण उजेड डोळ्याच्या रेषेतून गेला की वस्तूच्या सावल्या वस्तूमागे लपतात. खड्डा, दगड, वेटोळे सगळे सपाट दिसते. तोच दिवा कमरेच्या उंचीवर धरला किंवा कमरेच्या पट्ट्याला अडकवला की प्रत्येक उंचवट्याची सावली पुढे पडते आणि जमिनीचा आकार कळतो. पावसाळी धुक्यात तर कपाळावरचा रुंद झोत वापरूच नये. डोळ्यासमोरचे धुकेच उजळून पांढरी भिंत उभी राहते. लोणावळा-महाबळेश्वराकडे राहणाऱ्यांनी दिवा खाली, कमरेजवळ किंवा त्याहूनही खाली धरावा. रुंद झोताची ही एक खरी मर्यादा आहे आणि ती दिव्याची उंची बदलून बरीचशी सुटते.

आता या म्हणण्यावरचा सर्वात वजनदार आक्षेप : बिबट्याचे काय? जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात रात्री कुत्रा घेऊन निघणाऱ्याला घोणशीइतकीच बिबट्याची चिंता असते, आणि ती रास्त आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला तेव्हा त्याच्या आहारात सर्वात मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. म्हणजे कुत्रा सोबत असणे हेच तिथे आमंत्रण ठरू शकते. मग लांबचे दिसायला नको का? दिसायला हवे, पण त्यासाठी लांब फोकसच लागतो हा समज चुकीचा आहे. बिबट्याच्या डोळ्यातही उजेड परतवणारा तोच थर असतो आणि तो उजेड जिथून आला त्याच दिशेला परत पाठवतो. त्यामुळे झुडपाचे पान दिसणार नाही इतक्या मंद उजेडातही तीस-चाळीस मीटरवरचे डोळे चमकून उठतात, अट एवढीच की दिवा क्षणभर आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. सापाच्या डोळ्यात असा थर नसतो. तो दाखवायचा तर पुरता उजेडच लागतो. शिवाय बिबट्या रस्त्याने समोरून चालत येत नाही. तो उसाच्या फडातून, बाजूने, दबा धरून येतो. रस्त्याच्या लांबीला मारलेला झोत त्याला शोधत नाही, बाजूंना पसरलेला उजेड शोधू शकतो. ज्याला तरीही खात्री हवी त्याने दोन दिव्यांची बॅटरी घ्यावी, ज्यात पसरट उजेड नेहमीसाठी आणि बटण दाबल्यावर लांब झोत क्षणभरासाठी. मात्र कायम चालू राहायचा तो पसरटच. आणि खरे सांगायचे तर, बिबट्याचा वावर असलेल्या गावात संध्याकाळनंतर कुत्र्याला विनाकारण बाहेर नेऊच नये, रात्री त्याला बंदिस्त जागेत ठेवावे. कोणतीही बॅटरी ही ढाल नव्हे.

शहरातून येणारा आक्षेप मोकाट कुत्र्यांचा आहे. प्रखर झोत तोंडावर मारला की ती पळतात, म्हणून लांब फोकसची बॅटरी हवी, असे अनेक जण मानतात. एखादे कुत्रे बिचकते, हे नाकारत नाही. पण टोळीत एका कुत्र्याच्या डोळ्यावर झोत मारला तर बाकीची चार अंधारात राहतात, आणि डोळे दिपलेले कुत्रे मागे सरेल की अंगावर येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. पसरट उजेडात किती कुत्री आहेत, कुठे उभी आहेत, पिल्ले असलेली मादी कोणती, शेपट्या कशा आहेत, हे सगळे एका नजरेत दिसते आणि वाट बदलायला वेळ मिळतो. आपल्या कुत्र्याला आपल्या शेजारी ओढून घ्यायचे तर आधी तो कुठे आहे ते दिसायला हवे, हेही आहेच.

मोबाइल असताना वेगळी बॅटरी कशाला, हा प्रश्नही होतो. मोबाइलच्या दिव्याभोवती झोत गोळा करणारा आरसा नसतो, म्हणून त्याचा उजेड मुळातच पसरट असतो, आणि तो पायापुढे बरा वाटतो त्याचे कारण तेच. एका अर्थी रुंद झोत चालायला सोयीचा असतो याची साक्ष रोज लाखो लोक मोबाइलवर घेत आहेत. पण तो उजेड मंद आहे, पावसात फोन बाहेर काढता येत नाही, आणि एका हातात पट्टा असताना दुसऱ्या हातातल्या गुळगुळीत फोनला एक हिसका पुरतो. शिवाय काही झालेच, तर मदतीसाठी लावायचा फोन तोच. त्याचा चार्ज दिव्यात घालवू नये. सोसायटीतल्या रस्त्यांवर दिवे आहेत, मग बॅटरी कशाला, असेही म्हटले जाते. दोन खांबांच्या मधला पट्टा आणि उभ्या गाड्यांच्या सावल्या पाहाव्यात. फुटलेली बाटली, कोंबडीची हाडे, उंदरांसाठी टाकलेले विष हे सगळे तिथेच असते आणि कुत्र्याचे तोंड तिथे पोचायला क्षण लागत नाही.

रुंद झोताने समोरच्याच्या डोळ्यांना त्रास होतो, ही तक्रार मात्र तपासायला हवी. उजेड सर्व बाजूंना जातो तसा समोरून येणाऱ्याच्या तोंडावरही जातो. पण त्याची तीव्रता अरुंद झोताच्या कित्येक पटींनी कमी असते, आणि दिवा जमिनीकडे तिरपा धरला की प्रश्न उरत नाही. वळणावर दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत आठ हजार कॅन्डेला गेले तर तो काही क्षण आंधळा होतो, आणि त्या काही क्षणांत त्याची गाडी तुमच्या कुत्र्यावर येऊ शकते. वाहनचालकाला कुत्रा दिसावा यासाठी बॅटरीवर विसंबूही नये. काळे कुत्रे डांबरी रस्त्यावर पसरट उजेडातही उशिरा दिसते. त्याच्या गळपट्ट्याला उजेड परतवणारी पट्टी किंवा छोटा लुकलुकता दिवा लावावा. पुरुषवाडी-भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये काजवे असतात तेव्हा दिवा शक्य तितका मंद ठेवावा, कारण काजव्यांची जोडीदाराला दिलेली साद आपल्या उजेडात बुडून जाते. मंद करता येणे हा चांगल्या बॅटरीचा गुणच समजावा.

खरेदीची बाब थोडक्यात. दोनशे-तीनशे लुमेन पुष्कळ झाले. ‘दोन हजार लुमेन’ छापलेल्या लहान बॅटऱ्या तापू लागल्या की काही मिनिटांत आपोआप मंद होतात. एफएल-1 पद्धतीत ‘इतके तास चालते’ याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत, एवढाच असतो. दोनशे लुमेनला सुमारे दोन वॅट लागतात, म्हणजे तीन हजार एमएएचचा, 18650 आकाराचा एक चांगला सेल पाच तासांच्या आसपास पुरावा. या आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास संपते, त्यामुळे ‘9900 एमएएच’ छापलेला सेल खोटा समजावा. पावसाळ्यासाठी जलरोधकतेचा किमान आयपीएक्स-4 दर्जा पाहावा. आणि नवी बॅटरी घ्यायलाच हवी असे नाही. तोंड पुढे-मागे सरकवून फोकस बदलता येणारी झूम बॅटरी घरोघरी आहे. आपण ती सवयीने लांब फोकसवर ठेवतो, ती रुंद करून वापरावी. साध्या, कमी शक्तीच्या बॅटरीच्या काचेवर ट्रेसिंग पेपरचा गोल तुकडा चिकटवला तरी थोडा उजेड खाऊन झोत पसरतो. जास्त तापणाऱ्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग करू नये.

हे सगळे गिऱ्हाइकाने दुकानात उभे राहून गणित करत शोधावे, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. घरातल्या एलईडी बल्बच्या खोक्यावर वॅट आणि लुमेन दोन्ही वाचायला मिळतात. बॅटरीच्या खोक्यावर झोताचा कोन छापायला उत्पादकांना काहीच अडचण नाही, तो त्यांना माहीत असतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे आणि त्या पाहण्यासाठी 2020 पासून केंद्रीय प्राधिकरणही आहे. तळहाताएवढ्या बॅटरीवरचे ‘दोन किलोमीटर’ त्या प्राधिकरणाने एकदा मोजून पाहावेत. ग्रामपंचायती आणि कृषी विभाग शेतकऱ्यांसाठी सर्पदंशाची माहितीपत्रके काढतात तेव्हा ‘बॅटरी घेऊन जा’ एवढे लिहून थांबू नये, कोणती आणि कशी धरायची हेही दोन ओळींत लिहावे. बूट आणि जमिनीवर आपटायची काठी यांच्याइतकीच ती ओळ उपयोगाची आहे.

तोपर्यंत वाचकांनी एक करावे. पुढच्या वेळी बॅटरी घ्याल तेव्हा समोरच्या इमारतीवर झोत मारू नका. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा बाहेर फुटपाथवर ती कमरेजवळ धरा, तीन पावलांवरच्या जमिनीकडे रोखा, आणि मान न वळवता डावी-उजवीकडे पट्ट्याच्या लांबीएवढी जमीन दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर ती बॅटरी परत ठेवा.